पहिलं लाकूड सागवान नको



लाकडी वस्तूंच्या छोट्या युनिटला मशिनरी किती लागते, हे आपण मागच्या व्हिडिओत बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "मॅडम, सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं?" खरं सांगू का, विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. त्यांना माझ्या तोंडून फक्त 'सागवान' ऐकायचं असतं.

मी ते म्हणणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल, भांडवल लाख-दोन लाखांच्या आत असेल आणि किचनच्या किंवा गिफ्टच्या छोट्या वस्तू करणार असाल, तर पहिले सहा महिने सागवान स्टॉकला घेऊ नका. एक फळीसुद्धा नको. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी निदान खालचा हिशेब वाचून मग भांडावं.

आधी सागाचं जे आहे ते त्याला देऊन टाकू. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग, म्हणजे आपण ज्याला बल्लारशा म्हणतो तो, भारतातल्या उत्तम लाकडांपैकी एक आहे यात वादच नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी लाकूड पाठवलं गेलं ते याच भागातून, बल्लारपूरहून. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पाऊस, ऊन, दमट हवा सगळं तो सोसतो. वाळल्यावर वाकत नाही, पीळ फारसा पडत नाही. दार, खिडकी, झोपाळा, अंगणातला बाक असल्या कामांना साग म्हणजे डोळे झाकून विश्वास.

पण जरा थांबा. सागाचा भाव तुम्ही देता तो या गुणांचा देता. वाळवी लागत नाही, पावसात कुजत नाही, आणि सात फुटांचं दार तीस वर्षं चौकटीत सरळ उभं राहतं, याचे ते पैसे आहेत. आता मला सांगा, तुमचा मोबाइल स्टँड कुठल्या पावसात उभा राहणार आहे? एक फुटाचा ट्रे ओट्यावर असतो, रोज हातात येतो, पुसला जातो. त्याला वाळवी लागेपर्यंत घरातली बाई झोपलेली असते का?

दुसरा गैरसमज कठीणपणाचा. "साग कडक असतो, आंबा मऊ." हे मी इतक्यांदा ऐकलंय! लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची एक चाचणी आहे. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते त्यात बघतात. त्या चाचणीत साग आणि आंबा जवळजवळ एकाच पायरीवर येतात. वजनही सारखंच, वाळलेल्या लाकडाचं घनमीटरला साधारण साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे ओरखडा पडणं, खोक पडणं, हातात भारदस्त वाटणं या बाबतीत आंबा सागाच्या खाली नाही. फरक आहे तो किडीचा, ओलीचा आणि टिकण्याचा. त्याच्याकडे मी येते, पण आधी पैसे.

समजा तुम्ही १२ इंच बाय ९ इंच, एक इंच जाडीचा चॉपिंग बोर्ड करताय. तयार बोर्डात लाकूड बसतं १०८ घनइंच, म्हणजे घनफुटाचा सोळावा भाग. पण कापताना, रंधा मारताना, गाठी आणि भेगा सोडताना नवख्या माणसाचं निम्मं लाकूड जातं असं धरा. तर एका बोर्डाला लागलं घनफुटाचा आठवा भाग. आता हिशेबापुरता भाव धरू, तुमच्या गावात वेगळा असेल तर तो घाला: आंबा घनफुटाला ७०० रुपये आणि साग ३५०० रुपये. आंब्याच्या बोर्डात लाकूड गेलं ८८ रुपयांचं, सागाच्या बोर्डात ४३८ रुपयांचं. मजुरी १२० आणि पॉलिश-पॅकिंग ३० दोन्हीकडे सारखंच, कारण हाताला लाकडाचा भाव कळत नाही. आंब्याचा बोर्ड पडला २३८ ला, सागाचा ५८८ ला.

आंब्याचा बोर्ड ४५० ला विकला तर २१२ सुटतात. सागाच्या बोर्डातून तेवढेच २१२ काढायचे तर तो ८०० ला विकावा लागेल. आणि टक्क्यांत तेवढंच मार्जिन हवं असेल तर साधारण ११०० ला. आता स्वतःलाच विचारा, तुमचं नाव कोणाला माहीत नाही, पहिलंच प्रदर्शन आहे, टेबलावर कापड अंथरून बसलाय, आणि समोरच्या ताई ११०० चा बोर्ड उचलतील का? एखादी उचलेल. बाकीच्या "छान आहे हं" म्हणून पुढे जातील. तुमच्या मालाचं कौतुक होईल आणि माल तसाच राहील.

बरं, हे झालं विकायचं. शिकण्याचं काय? पहिल्या पन्नास वस्तूंतल्या दहा तरी वाया जातात. एखादीची कड तुटते, कुठे मशीन जास्त घासतं, कुठे डिंक नीट बसत नाही. आंब्याचे दहा बोर्ड वाया गेले तर लाकडाचे ८८० रुपये गेले. सागाचे गेले तर ४३८०. शिकायची फी पाचपट का भरायची?

माझ्या एका बॅचमध्ये एक मुलगा होता. क्लासला यायच्या आधीच त्याने कर्ज काढून दीड लाखाचा साग घरात आणून ठेवला होता. काय बनवायचं ते ठरलेलं नव्हतं. "लाकूड कुठे जातंय मॅडम, भाव वाढतच जाणार," असं त्याचं म्हणणं. भाव वाढेल हो, पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. वर गंमत म्हणजे त्या फळ्यांत पांढरं भरपूर होतं. हे नीट लक्षात घ्या: सागाचे जे गुण आपण सांगतो ते त्याच्या आतल्या पिवळट-तपकिरी गाभ्याचे असतात. सालीलगतचा जो फिकट पांढरा पट्टा असतो त्याला कीड लागते, तो ओलीतही टिकत नाही. लवकर तोडलेल्या, लागवडीच्या कोवळ्या सागात हा पांढरा भाग जास्त निघतो. म्हणजे नावाला सागवान, भावाला सागवान, आणि अर्ध्या फळीत सागाचा गुणच नाही. अशी फळी पॉलिश मारून रंगवून विकणारे बाजारात कमी नाहीत.

आता आंब्याचे दोष. ते झाकून ठेवले तर उद्या तुम्ही मलाच धराल.

आंब्याच्या लाकडाला कीड फार पटकन लागते. ओंडका तोडून तसाच पडून राहिला की भुंगे पोखरायला सुरुवात करतात आणि बुरशीने निळे-काळे डाग पडतात. म्हणून आंबा तोडल्यावर लगेच कापायला लागतो आणि लगेच वाळवायला. फळीवर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं दिसली आणि खाली पिठासारखी पावडर पडत असेल, तर ती फळी फुकट दिली तरी उचलू नका, कारण ती तुमच्या बाकीच्या मालात कीड घेऊन येईल. शोपीस किंवा फर्निचरच्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून काढायची पद्धत आहे, ती चांगली चालते. पण जेवणाखाणाच्या वस्तूंना मी ते करत नाही. तिथे भट्टीत वाळवलेला आंबाच घ्या. भट्टीच्या उष्णतेने आतली कीड आणि अंडी मरतात. घनफुटाला शे-दीडशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

डागांचं मात्र उलटं आहे. आंब्यात राखाडी, गुलाबी, तपकिरी रेषा अंगच्या असतात, कधी कधी इतक्या सुंदर की दोन बोर्ड सारखे निघत नाहीत. आमच्या कोल्हापूरच्या दुकानात गिऱ्हाईक चार बोर्ड मांडून "हा द्या, याच्यावर नदीसारखं आहे" असं म्हणून निवडतं. सागाच्या एकसारख्या रेषेत ही मजा नाही. जोधपूरकडचे लोक आंब्याचं फर्निचर वर्षानुवर्षं परदेशात पाठवतायत ते उगाच नाही. आपल्याकडे मात्र आंबा म्हटलं की फळांची खोकी आणि सरपण, एवढंच आठवतं.

आंबा सगळीकडे चालतो असंही नाही. बाहेर उघड्यावर ठेवायच्या वस्तूला तो वापरूच नका. जमिनीला टेकणाऱ्या, ओल्या भिंतीला लागणाऱ्या वस्तूलाही नाही. बाथरूमचा पाट आंब्याचा केला तर दुसऱ्या पावसाळ्यात फोन येईल.

लाकूड नाही, आधी वस्तू ठरवा

आपल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न कधीच "सगळ्यात चांगलं लाकूड कोणतं" असा विचारला नव्हता. ते विचारायचे, कशाला हवंय? बैलगाडीच्या चाकाला, औताला, कुदळीच्या दांड्याला बाभूळ, कारण ती जड, चिवट आणि धक्का सोसणारी. पखवाजाच्या खोडाला खैर किंवा शिसव, म्हणजे आवाज घट्ट येतो. दक्षिणेत मृदंगाला फणस. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा वेलीवरचा असतो, पण दांडीला तूण लागतं, हलकं आणि न वाकणारं. सावंतवाडीची फळं आणि खेळणी मूळची पांगाऱ्याची. पांगारा इतका हलका आणि मऊ की सुतारकामात त्याला कोणी विचारणार नाही, पण कोरायला लोण्यासारखा आणि वर रंग चढला की मुलाच्या हाताला हलका. चितार आळीत आजही ते काम बघायला मिळतं, लाकडं मात्र आता इतरही वापरतात. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी होतात ती काळ्या कुड्याच्या जातीच्या लाकडाची. ते पांढरंशुभ्र, बारीक रेषेचं लाकूड लेथवर गुळगुळीत होतं आणि त्यावर लाखेचा रंग खुलतो. तिथे साग लावून बघा, त्याचा स्वतःचा तपकिरी रंग आणि तेल मध्ये येतं.

म्हणजे पांगारा सागापेक्षा वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. मी बीबीए करत होते तेव्हा मार्केटिंगच्या तासाला हेच वेगळ्या शब्दांत शिकवायचे, पण आमच्या गावच्या सुताराने ते जास्त नीट सांगितलं असतं.

तर तुमच्या यादीत काय आहे ते बघा. पोळपाट-लाटणं करणार असाल तर जड आणि बारीक रेषेचं लाकूड हवं. लाटणं वजनाने फिरलं पाहिजे आणि कणीक रेषेत अडकली नाही पाहिजे. तिथे शिसव राजा, पण महाग, म्हणून बाभूळ. नीट वाळलेल्या बाभळीचं लाटणं लेथवर इतकं सुंदर निघतं की गिऱ्हाईक शिसवीचं समजतं. समजू देऊ नका, बाभूळच सांगा. पळ्या, उलथणी, कंगवे यांना कडुलिंब चालतो. त्याला नावाचाच भाव मिळतो, 'नीम' म्हटलं की लोक हात पुढे करतात. सुरुवातीला थोडा वास येतो तेवढं गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवा. कोरीव काम, मुखवटे, छोटे देव्हारे यांना शिवण बघा. हलकं, फिकट रंगाचं, न वाकणारं लाकूड आहे, पटाशीला सोपं आहे आणि कोकणात मिळतं. ट्रे, बोर्ड, वाट्या, घड्याळं, फोटो फ्रेम यांना आंबा. केरळकडून येणारं रबरवुडही फिकट आणि एकसारखं असतं, मुलांच्या वस्तूंना छान, फक्त त्याच्यावर प्रक्रिया केलेली आहे का हे विचारून घ्या, कारण त्यात पिष्ठ असतं आणि कीड त्याच्यावर टपलेली असते. लेझरने नावाच्या पाट्या करणाऱ्यांना खरं तर लाकूडच लागत नाही, एमडीएफ पुरतं. ते पाण्यापासून दूर ठेवा म्हणजे झालं.

पॅलेटचं लाकूड घेणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. एमआयडीसीतून जुने पॅलेट स्वस्तात मिळतात, बहुतेक पाइन असतं, त्यातून रॅक आणि कुंड्यांचे स्टँड बरे होतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूने धुरी दिलेली आहे, ते घरात वापरायच्या वस्तूंना घेऊ नका. आणि शिक्का 'एचटी'चा असला तरी किचनच्या वस्तू पॅलेटच्या करू नका, त्याच्यावर आधी काय सांडलंय ते शिक्का सांगत नाही.

लाकूड कोणतंही घ्या, पाणी मोजा

आता जे सांगते ते लाकडाच्या जातीपेक्षा महत्त्वाचं आहे. छोट्या युनिटकडे परत येणारा माल बघा, त्यातला बराचसा लाकूड हलकं होतं म्हणून परत येत नाही. लाकूड ओलं होतं म्हणून येतो.

ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असतं. ते साधारण तीस टक्क्यांपर्यंत उतरलं तोपर्यंत लाकडाच्या मापाला काही होत नाही. त्याच्या खाली गेलं की लाकूड आकसायला लागतं. तेही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत बरंच, आणि वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणूनच फळी वाकते, तिला पीळ पडतो, जोड उघडतो.

याच्यावर हवा आणखी खेळ करते. कोकणात जुलैमध्ये घरात ठेवलेलं लाकूड हवेतलं पाणी पिऊन सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत जातं. तेच लाकूड मे महिन्यात नागपुरात पाच-सहा टक्क्यांवर उतरतं. तुम्ही पावसाळ्यात रत्नागिरीत दहा इंच रुंदीचा ट्रे केला आणि तो ऑनलाइन ऑर्डरने नागपूरला गेला, तर पुढच्या उन्हाळ्यात तो दीड-दोन सूत आकसू शकतो. चारी बाजूंनी फ्रेममध्ये डिंकाने घट्ट बसवला असेल तर त्याला जागाच नसते, मग तो मधून तडकतो. साग आंब्यापेक्षा थोडा कमी हलतो, पण ओला साग तडकतोच. आणि गिऱ्हाईक फोटो पाठवून विचारतं, "हे का सागवान?"

उपाय महाग नाही. पिनांचा मॉइश्चर मीटर दीड-दोन हजारांच्या आत मिळतो, तो पहिल्या महिन्यातच घ्या. तोही नको असेल तर घरचा वजनकाटा आणि ओटीजी पुरतो. फळीच्या टोकाचा नाही, मधला एक तुकडा कापा, वजन करा, १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत अधूनमधून मोजत राहा. समजा तुकडा आधी २५० ग्रॅम होता आणि शेवटी २१५ वर थांबला. पाणी गेलं ३५ ग्रॅम. ३५ ला २१५ ने भागा, सव्वासोळा टक्के. ही फळी अजून कच्ची आहे. घरातल्या वस्तूंसाठी मी आठ ते बाराच्या मधली फळी घेते. विकणारा "एकदम सुकं आहे, ताई" असं हातावर हात मारून सांगेल. त्याचं ऐकून घ्या आणि मीटर लावा.

कच्ची फळी स्वस्तात मिळत असेल आणि जागा असेल तर घेऊन वाळवा. उन्हात नाही, सावलीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या ठेवून, टोकांना रंग किंवा मेण फासून. टोकं आधी वाळतात आणि तिथूनच भेगा सुरू होतात. एक इंची फळीला काही महिने लागतात. ते महिने तुमच्या हिशेबात धरा.

तेल-पॉलिशबद्दल थोडक्यात. किचनच्या वस्तूंना शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल चोळू नका, ते वाळत नाही आणि नंतर खवट वास मारतं. फूडग्रेड मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण बरं. जवसाचं तेल वापरत असाल तर ते पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, ही ऐकीव गोष्ट नाही. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा. मास्कही घाला. शिसव आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, श्वासाला त्रास होतो, आणि लाकडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाणं कुठल्याही जातीची असली तरी वाईटच.

बिल, पास आणि नाव

स्वस्त लाकडाची एक ऑफर प्रत्येकाला येते: "शेतातला साग आहे, बिल नको, निम्म्या भावात घ्या." नाही म्हणा. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत साग आहे, आंबा, फणस, खैर, ऐन, हळदूही आहेत. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी ते तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवताना वाहतूक पासचा प्रश्न येतो. तुम्ही झाड तोडलेलं नसलं तरी माल तुमच्या शेडमध्ये सापडतो. परवानाधारक सॉ मिल किंवा वखारीतूनच घ्या, बिल घ्या आणि फाइलला लावा. कापीव लाकडावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमचं रजिस्ट्रेशन नसेल तर तो तुमच्या खर्चातच जातो, म्हणून भाव विचारताना "टॅक्ससह का?" हे विचारा.

गोल ओंडका सुरुवातीला घेऊ नका. त्याच्या गोलाईवरून घनफूट काढायची पद्धत वेगळी असते आणि आत पोकळ आहे की गाठी आहेत ते कापल्याशिवाय कळत नाही. कापीव फळी घ्या आणि स्वतः मोजा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. वखारीत उभं राहून मोबाइलवर हे करायला लाजू नका. एकदा मोजलंत की दुसऱ्या वेळेपासून तो माणूसही नीट मोजतो.

शिसव करून परदेशात पाठवायचं स्वप्न काहींचं आहे. शिसव आणि शिसम ज्या कुळातले, ते सगळं कूळ २०१७ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या बैठकीत भारताला सवलत मिळाली, एकेका वस्तूचं वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर साइटिसचा परवाना लागत नाही. पण लाकूड कायदेशीर मार्गाने घेतल्याचे कागद तरीही लागतातच. पहिल्या वर्षात या भानगडीत पडू नका, असं मी म्हणेन.

आणि नावाचं. आंबा आहे तर टॅगवर 'आंब्याचं लाकूड' लिहा. अकेशियाला 'सागवान फिनिश' म्हणणारे, पाइनला ब्राऊन स्टेन मारून 'टीक कलर'मधला 'कलर' बारीक अक्षरात लिहिणारे मी बरेच बघितले. त्यांचा एकेक सेल होतो, पण एखाद्या दिवशी सुताराच्या घरातलं गिऱ्हाईक येतं, वस्तू उलटी करून खालची कच्ची बाजू बघतं आणि सगळ्या ग्रुपवर लिहितं. आम्ही टॅगच्या मागे तीन ओळी छापतो: लाकूड कोणतं, पुसायचं कसं, कुठे ठेवायचं नाही. आंबा म्हटल्यावर गिऱ्हाईक कमी होईल अशी तुमची भीती असेल तर एकदा हे करून बघा. "आंब्याचं? आमच्या गावाकडे मोठी झाडं होती," म्हणून लोक स्वतःहून बोलायला लागतात. ही बोलणी ८०० च्या बोर्डाला मिळत नाहीत.

मग साग कधी घ्यायचा? गिऱ्हाईक स्वतः येऊन म्हणेल, "मला दारासमोरचा बाक हवाय, उन्हापावसात राहणार आहे," तेव्हा. त्या वेळी सागच सांगा, आंबा खपवायला जाऊ नका. आधी कापायची यादी करा, किती घनफूट लागणार ते काढा, वाया जाणारं धरा, निम्मा अॅडव्हान्स घ्या आणि तेवढाच साग विकत घ्या. फळी निवडताना पांढरा भाग बघा. ब्लेड कार्बाइडचं लावा, सागात सिलिका असते, साध्या ब्लेडची धार लवकर जाते. डिंक लावायच्या आधी जोडाची जागा थिनरने पुसून घ्या, नाहीतर तेलामुळे जोड धरत नाही. आणि उरलेले तुकडे फेकू नका. दोन इंची सागाच्या तुकड्यांतून किचेन, कप ठेवायच्या चकत्या आणि ड्रॉवरच्या मुठी निघतात, त्याचा व्हिडिओ चॅनेलवर आधीच आहे.